ओढ्यापलीकडची बाग

पुढं या, मंडळी. चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकावी म्हणून मागं बसलात आणि पुढची सतरंजी मोकळी राहिली. ती काय दुसऱ्यासाठी सोडलीत? नको होती, म्हणून राहिली. आजच्या कीर्तनाचा प्रश्न तेवढाच आहे – जे आपल्याला नकोच होतं, ते लोकांसाठी सोडलं, तर पुण्यात धरायचं का?

ऐका तर. हणमंतराव भोइट्यांची गावाला लागून अकरा एकर जमीन. प्लॉट पाडायचे ठरले. नियम म्हणतो, दहावा हिस्सा सगळ्यांसाठी मोकळा ठेवा. बाग करा, पायवाट करा. हणमंतरावांनी आधी हिशेब मांडला. मधली दोन चिंचांची सपाट जागा सोडली, तर मोक्याचे आठ प्लॉट जातात आणि स्वतःच्या बंगल्याची जागाही जाते. ओढ्यापलीकडचा मुरमाचा खड्डा सोडला, तर काहीच जात नाही. नियमही खूश, खिसाही खूश.

नकाशा काढणाऱ्या शेंडेबाई म्हणाल्या, “भाऊ, पलीकडं बाग? तिथं जाणार कोण?”

“ज्याला हवा खायचीय तो जाईल.”

“वाट कुठाय? आणि शेजारी स्मशान आहे.”

“म्हणजे शांतता आहे की. मॅडम, तुम्ही हिरवा रंग द्या, पायवाटेची एक तुटक रेघ ओढा. पुढचं मी बघतो.”

दिला रंग. ओढली रेघ. मोक्याचे आठ भाव चढेपर्यंत मागं ठेवले, बाकीचे प्लॉट खपले. घेणाऱ्यांनी नकाशातली बाग बघून मान डोलावली. ओढा ओलांडून कुणी पाहिलं का? दरवाजा दक्षिणेला येतोय का, ते मात्र चारदा तपासलं.

इथवर हणमंतरावांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी एक चूक केली. बागेला आईचं नाव दिलं. ‘गौराबाई भोइटे उद्यान’ – कमान महाग पडते, म्हणून पत्र्याची पाटी करून बाभळीला ठोकली.

म्हातारी हरखली. “हणमंता, बाग दाखव की.”

“चिखल वाळू दे, आई.”

चिखल वाळला. “ऊन उतरू दे, आई.”

ऊन उतरलं. मग चिंचांपाशी बंगल्याच्या भूमिपूजनाचा दिवस आला. भोइट्यांच्यात घराची पहिली कुदळ घरातल्या थोराच्या हातची. गुरुजींचे मंत्र झाले, कुदळीला हळदकुंकू लागलं, गौराबाईंच्या हातात दिली. व्याही-विहिणी, प्लॉटवाले, सगळे गोल उभे.

म्हातारीनं विचारलं, “माझी बाग कुठंय?”

“आहे की. आधी कुदळ मार.”

“माझं नाव आहे तिथं आधी मारते.” आणि निघाली.

आता थोरल्या माणसाला अडवणार कोण? मागोमाग गुरुजी ताम्हण घेऊन, त्यांच्यामागं वऱ्हाडासारखी सगळी मंडळी. कागदावर पायवाट होती, जमिनीवर काटे. विहीणबाईंची पैठणी बाभळीनं धरून ठेवली, ती सोडवायलाच दोन माणसं लागली.

ओढ्याच्या काठावर म्हातारी थांबली. पलीकडं खड्डा, खड्ड्यात बाभळी, बाभळीवर तिचं नाव, आणि नावामागं स्मशानाचं पत्र्याचं छप्पर.

हणमंतराव म्हणाले, “पूल करायचाय अजून.”

ती हळूच बोलली. “ओढ्यापलीकडं मला एकदाच जायचंय रे. चौघं नेतील, त्याला पूल लागत नाही. तू नाव तेवढं आधी पोचवलंस.” कुदळ त्याच्या हातात दिली. “तुझ्या घराला माझा हात लागायचा नाही.”

हणमंतराव व्यवहारी माणूस. सिमेंट आईवाचूनही घट्ट होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मनातल्या मनात त्यांनी आईला वजा करून घराची बेरीजही करून पाहिली. जेवणं तर वाढायला हवीत, म्हणून बुंदीची बादली घेऊन पंगतीत फिरायला लागले. फिरता फिरता बघतात, तर आई चिंचेखाली जाऊन बसलेली. तिच्याभोवती बायका आपोआप टेकल्या होत्या. पोरं बुंध्याशी धुडगूस घालत होती. त्यांना तिथं कुणी बसवलं नव्हतं, की पाटी लावली नव्हती.

बादली खाली ठेवून त्यांनी शेंडेबाईंना हाक मारली. “मॅडम, नकाशा बदलता येतो?”

“येतो. सगळ्या प्लॉटवाल्यांच्या सह्या लागतील. पण ही जागा सोडलीत, तर तुमचा बंगला?”

हणमंतरावांनी ओढ्याकडं पाहिलं. “खड्डा मग माझाच राहतो ना?”

बंगला तिथं झाला, मंडळी. पहिली कुदळ गौराबाईंचीच पडली. त्याआधी तिनं पूल आणि ओढ्याच्या काठानं पायवाट करून घेतली. पलीकडं एकदाच जाणार होती, ती रोज तो पूल ओलांडून चिंचेखाली यायची आणि दिवेलागणीला परत जायची.

त्याच चिंचांखाली आपण बसलोय. आणि तुमच्या मंडळानं मला काय सांगितलंय? कीर्तनाच्या शेवटी सभामंडपासाठी शब्द टाका. इथंच. दोन्ही झाडं काढून, फरशी घालून. देवासाठी म्हणे! देवाला जागा द्यायची, तर आपल्या प्लॉटातली कुणालाच कशी सुचली नाही? पुन्हा तेच – जे आपलं नाही, ते सोडायला सगळे पुढं.

तेव्हा शब्द टाकत नाही, हिशेब वाचतो. हणमंतरावांनी आठ प्लॉट दिले आणि स्मशानाच्या शेजाराला राहायला गेले. शेंडेबाईंनी दुसरा नकाशा फुकट काढला. गौराबाईंनी लेकाच्या घरावरचा हात काढून घेतला, तोही सगळ्यांदेखत; आईला ते स्वस्त पडलं नसेल. आणि तुमच्याकडून जमा, एकेक सही.

पेनसुद्धा हणमंतरावांचं होतं.