परत न आलेल्या डब्या

पर्यावरण शिकून गावी आलो आणि मोठ्या जोशात कोरफडीचं क्रीम काढलं. डब्या समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेल्या प्लॅस्टिकपासून बनवलेल्या. रिकामी डबी दुकानात आणून दिली की पुढच्या डबीवर सूट. या डब्या धुऊन पुन्हा भरल्या तरच माझा धंदा टिकणार होता.

कामरगावच्या सलीमचाचांच्या दुकानात दोन महिन्यांत एकही डबी परत आली नाही.

"चाचा, लोक फेकून देतात का हो?"

"फेकते कोन, बेटा? चाल घरी."

घरी चाचींनी चहा टाकला. विलायची माझ्या डबीत, लवंगा माझ्या डबीत, सुया-बटणंसुद्धा माझ्याच डबीत!

मी कळवळून म्हणालो, "चाची, या परत द्या ना. आम्ही त्या पुन्हा वापरतो!"

चाची म्हणाल्या, "मंग आमी काय करून राह्यलो?"