पाडलेला चेंडू

(अमेरिकेत लुईझियानातलं एक गाव. लावेल अमेरिकन फुटबॉलचा आपला शेवटचा सामना खेळून घरी आलाय. त्याची आई ऑरेलिया स्वयंपाकघरात गम्बो या दाट रश्श्यासाठी तेलात पीठ परततेय. हात थांबला की ते करपतं.)

आई: माझ्याशी बोलूच नकोस. हात गुंतलाय म्हणून वाचलास!

लावेल: आई, अगं जिंकलो आपण!

आई: तुमचा संघ जिंकला. मला काय मिळालं? "माझ्या शेवटच्या सामन्यातला चेंडू तुझ्या मांडीवर आणून ठेवीन," कोण म्हणालं होतं? अख्ख्या चर्चमध्ये सांगत सुटले होते मी. कपाटावरची जागासुद्धा पुसून ठेवली!

लावेल: मीच म्हणालो होतो.

आई: आणि चेंडू आला कसा? आयता, छातीवर! तू काय केलंस? चापट मारून खाली पाडलास. मी तिथे प्रेक्षकांत हात पसरून उभी. इतकी वर्षं मोठ्या संघांत राहून माशा मारायला शिकलास का रे?

लावेल: पुढे सरकायची चौथी संधी होती गं त्यांची, शेवटची. चेंडू खाली पडला की तो आपला, आणि त्यांनी खेळ सुरू केला तिथून, मैदानाच्या मध्यावरून. झेलला असता तर त्यांनी मला तिथेच आडवा केला असता, आणि पुढचा खेळ आपल्याच गोलरेषेला पाठ लावून.

आई: मला नको शिकवूस. हेल्मेट तुझ्या नाकापर्यंत यायचं तेव्हापासून बघतेय मी हा खेळ.

लावेल: मग शाळेतला तो अंतिम सामना आठवत असेलच.

आई: न आठवायला काय झालं? तू असाच एक झेललास, बँडवाले नाचले, आणि ते नाचत असतानाच आपण हरलो. गावभर मला 'हावऱ्याची आई' म्हणायचे मेले.

लावेल: त्याच दिवशी मी कोचना म्हणालो होतो, एक दिवस मला तुमच्या जागी पोरांना शिकवायचंय. काय म्हणाले माहितेय? "ज्याला चेंडू सोडवत नाही, त्याच्या हातात माझी शिट्टी जाणार नाही."

आई: अजून तेच धरून बसलायस?

लावेल: खेळणं संपलं, आई. आता दुसरं काही करावंसंच वाटत नाही. ते आजही नाही म्हणाले तर काय करू, मला खरंच कळत नाही.

कोच: दार उघडं होतं म्हणून आत आलो. वास पार कोपऱ्यापर्यंत येतोय, ऑरेलियाबाई.

आई: या, नार्सिस कोच, या! तुमच्या शिकवणीपायी माझं कपाट रिकामं राहिलंय.

कोच: ऐकलं मी अंगणातून. तुमचा आवाज काय, वासाच्याही पुढे येतो. म्हणून हे पिशवीतून आणलंय. लावेल, ओळखलास?

लावेल: हा... शाळेतला तो चेंडू! माझ्या हातातून हिसकावून नेला होतात तुम्ही!

कोच: रागानं ठेवून दिला होता. बाई, तुमचाच आहे आता. हं, झेला!

आई: अगं बाई! अहो, कढईत पडला असता ना! वय झालं तरी पोरखेळ काही सुटत नाही!

कोच: तुम्हीही चापट मारून खाली पाडलात की! एवढी हौस होती चेंडूची, मग झेलला का नाहीत?

आई: झेलणार कशी? कालथा सोडला असता तर पीठ करपलं असतं. सगळ्यांचं जेवण वाया!

कोच: ऐकलंस, लावेल? हेच सांगून सांगून माझा घसा बसला होता.

लावेल: आई, तुला तर एका फेकीत जमलं गं!

आई: दात काढू नका दोघं. उचल तो, पूस, आणि ठेव कपाटावर.

कोच: कपाटाचं मागाहून. आधी मान वाकव.

लावेल: कोच... ही तर तुमची शिट्टी.

कोच: सोमवारी शाळा सुटली की पोरं मैदानावर येतात. उशीर केलास तर त्यांच्याबरोबर तुलाही पळवीन.

लावेल: नाही करणार. नाही करणार, कोच.

आई: अरे वेड्या, रडतोस काय? कोच, जरा इकडे या. हा कालथा धरा, हात थांबवू नका. मला माझ्या पोराला जवळ घेऊ दे.