फ्लेक्सवरची नोकरी

हॅलो?… हां आई, बोल. ऐकू येतंय गो, ओरडू नको. क्लासच्या बाहेरच आहे मी, जिन्यात.

नाय. नाय भरला फॉर्म… अगो ऐक तर. आधी ऐक!

बघून आले सगळं. शी! दुसरा शब्दच नाय, आई. शी.

अगो, तो शिकवणारा सर. तोंडात गुटखा. एक वाक्य बोलतो नि टेबलाखालची बाटली उचलून तिच्यात थुंकतो. पाण्याची बाटली, अर्धी भरलेली… हो, माझ्यासमोर! झाकण लावतो, परत खाली ठेवतो आणि मला सांगतो, तेजस्वी मॅडम, पोर्टच्या नोकरीत पर्सनॅलिटी महत्त्वाची.

हसू नको. 

क्रेन? दाखवली ना क्रेन. एक टीव्ही आहे, त्याला पोरांच्या गेमचं ते हँडल जोडलंय. टीव्हीवरचे डबे उचलायचे नि टीव्हीवरच्या बोटीत ठेवायचे. झालं प्रॅक्टिकल. त्याचं पण एक बटण उडालंय, तिथे चिकटपट्टी… अगो, खरी क्रेन कुठून येणार दुसऱ्या माळ्यावर?

विचारलं मी. म्हटलं, सर, तुम्ही जयगडच्या बंदरात कामाला होतात का? बोलला, कामाला नाही, पण जाऊन आलोय. कशाला गेला होता, तर दीपगृह बघायला. फॅमिली घेऊन.

हो, हाच. हाच शिकवणार मला तीन महिने.

मुलींना?… मुलींना फ्रंट ऑफिसला लावतात बोलला. वर माझ्याकडे बघत, तुमचं स्माईल छान आहे, तुमचं काम लगेच होईल. असं वाटलं, तीच बाटली उचलून… जाऊ दे.

काय?… बाबांनी बघितलंय? काय बघितलंय बाबांनी?… हां, तो भिंतीवरचा फोटो. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. तेच तर सांगतेय! कोण आहे त्याच्यात, माहीत आहे ना? आपल्या वाडीतला नितेश.

बरं, मला सांग, नितेश कुठे असतो आता?… मोठ्याने बोल… मिरकरवाड्याला, मासळीच्या धक्क्यावर. काय करतो?… बर्फ फोडतो. मग बंदरात कधी लागला तो?

सोडली? सोडली कसली? लागलाच नाय तर सोडेल काय?… बाबांना काय वाटायचं ते वाटू दे. अगो, तो फोटो फ्लेक्सचा आहे. गणपतीत आपल्या पालीच्या नाक्यावर लागलेला, तो. ‘जयगड बंदरात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली आपला संदेशदादा हात जोडून, वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी म्हणून. बाजूला सदूची वडापावची गाडी पण आलीय.

नव्हती झाली निवड! त्याने तेव्हा नुसतं या क्लासला नाव घातलेलं. आठवत नाय तुला? आपल्याच ओटीवर बसून दादा बोललेला ना… आता गणपतीला सगळे मुंबईकर गावात आहेत, सत्कार काय ते उरकून घेऊ. परत शिमग्याशिवाय कोण येतंय? तोवर लागेलच तो. आणि ‘निवड झाली’ छापून मोकळा.

मग काय! या क्लासवाल्यांनी नाक्यावर येऊन त्या फ्लेक्सचा फोटो काढला, मोठा करून इथे लावला. बाबा चौकशीला आले, त्यांनी तो बघितला आणि घरी येऊन सांगितलं, क्लास खात्रीचा आहे, आपल्या नितेशला लावलंय त्यांनी. आपल्याच मंडळाने छापलेलं, आई! थाप पण आपलीच नि फसलो पण आपणच.

नाय. मी नाव घालणार नाय. ठरलं माझं. सोमवारी दवाखान्यात कामाला जाते नेहमीसारखी. डॉक्टर मागेच बोललेत, नर्सिंगचे प्रवेश सुटले की अर्ज कर, मी मदत करतो. शिकायचंच तर ते शिकेन. प्रवेशांना अजून थोडा वेळ आहे, तोवर…

काय?… परत सांग. 

कोण मृणाली?… खालच्या वाडीतली? ती दवाखान्यात कशाला? बरं नाय तिला?

…कामाला?

माझ्या जागी म्हणजे? मी कुठे गेलेय?… थांब, थांब. डॉक्टरांना सांगितलं कोणी, मी सोडतेय म्हणून?

तू?

कधी?… काल? अगो, काल संध्याकाळी तू मला घावणे वाढलेस. आणखी एक घे, आणखी एक घे, करत होतीस. तेव्हा सांगून आलेलीस?

मी मागे फिरेन म्हणून… म्हणजे मी क्लास बघायच्या पण आधीच तू परतीचे दोर कापलेस.

का पण?… हं… हं… ऐकतेय… लोकांचा पू, लोकांची थुंकी… कोण करेल असल्या मुलीशी लग्न… हो. घरी आले की आधी आंघोळीला पाठवतेस, भाकरीच्या टोपलीला हात लावू देत नायस. कळतं मला. बोलत नाय एवढंच.

आता माझं ऐक. शुगरवाल्यांचे सडलेले पाय धुतलेत मी. कोयतीचे घाव धुतलेत. त्या म्हाताऱ्या काशीआजीच्या जखमेत किडे पडलेले, ते काढताना डॉक्टरांच्या बाजूला मीच उभी होते. एकदा पण किळस नाय आली. आज येतेय, आई. तुझी येतेय.

नाय, रडत नाय मी… बोलले ते बोलले. मागे नाय घेणार.

…काय? नाही सर. नको… नको म्हटलं ना!… तुला नाय गो, तो सर आलाय जिन्यात. आज नाव घातलं तर बॅग फुकट, म्हणतो.

नको. तू डॉक्टरांना फोन करू नको. बाबांना पण सांग, करू नका. आणि संदेशदादाला यातलं काही कळवू नका. माझ्याबद्दल कोणाला काय सांगायचं ते मी सांगेन. मी, माझ्या तोंडाने. कळलं?

आता? आता पालीला उतरते नि परस्पर दवाखान्यात जाते… असू दे मृणाली तिथे. तिचा काय दोष? तिच्यासमोर विचारते डॉक्टरांना.

…परत कामावर नाय घेतलं तर?

तर बाहेर बाकावर बसेन, पेशंट बसतात तिथे. माझा नंबर येईपर्यंत.

नाय, जेवायला थांबू नको माझ्यासाठी. ठेवते.