आधी गेम, मग डोळा

...नाही, पण मी काय म्हणते, सहा वेळा? एखादी तारीख माणूस एकदा पुढे ढकलेल, दोनदा ढकलेल, पाहुणे आले, ताप आला, समजू शकतो आपण, पण सहा वेळा? आणि दर वेळी तो दाढीवाला कॅमेऱ्यासमोर येणार, छातीवर हात ठेवणार आणि म्हणणार, 'आम्ही दिलगीर आहोत, पण चांगल्या कामाला वेळ लागतो!' अरे लागतो ना, कोण नाही म्हणतंय, पण तिकडे तुला वेळ लागतोय आणि इकडे माझ्या नवऱ्याचा डोळा चाललाय, त्याचं काय?

ऐकताय ना? नाही नाही, डोळे मिटूनच बसा, उघडलेत तर ती काउंटरवरची सिस्टर ओरडेल. सगळ्यांना थेंब घातलेत ना? मग अर्धा तास कुठे जाताय! म्हणून तर बोलतेय. घरी मला इतके श्रोते मिळत नाहीत, आणि मिळालेच तर ते डोळे उघडे ठेवून कान मिटतात.

तर तो दाढीवाला. डॉक्टर नव्हे हो, गेमवाला! व्हिडिओ गेम. बंदुकीचा. ठो ठो ठो. हसू नका, थेंब बाहेर येतील. आमचे हे एकावन्न वर्षांचे आहेत, घड्याळं दुरुस्त करतात, आणि घरी आले की बंदूक घेऊन भिंतीआड लपतात. या वयात लोक गुडघे चोळतात, पहाटे बागेत जाऊन खोटं खोटं हसतात, आणि आमच्या घरी मी भाजी निवडतेय आणि हे ओरडतायत, "अगं सरक, मागून आला तो!" मागून कोण येणार? मागे फ्रीज आहे.

आणि हे सगळं एका डोळ्यानं, बरं का. दुसरा एकोणिसाव्या वर्षीच गेला. काम शिकत होते, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग सुटली ती थेट... जाऊ दे, तुमचे डोळे आत्ता नाजूक आहेत. लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली, "एका डोळ्याचा आहे गं मुलगा." म्हटलं बरंय, माझे दोष निम्मेच दिसतील! तर त्या एका डोळ्यानं पंचवीस वर्षांत माझे इतके दोष काढलेत, दोन डोळेवाल्याला दोन जन्म पुरले नसते. त्यात पुन्हा भिंग लावून बघायची सवय!

दुकानात गिऱ्हाईक आलं, घड्याळ झालं का विचारलं, की ह्यांचं एकच उत्तर, मान वर न करता, "पुढच्या आठवड्यात या. चांगल्या कामाला वेळ लागतो." लोक चिडतात, जातात, पुढच्या आठवड्यात येतात, पुन्हा तेच ऐकतात. म्हणून तो दाढीवाला जेव्हा पहिल्यांदा तेच म्हणाला ना, हे असे खूश झाले, जसा काही जत्रेत हरवलेला भाऊ सापडला! "बघ," म्हणाले, "पंधरा वर्षांत तीनच गेम काढलेत त्यांनी. तीन! अर्धवट माल बाजारात आणत नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही तर पूर्ण मालसुद्धा बाहेर आणत नाही." बोलले नाहीत दोन दिवस.

पण खरी गोष्ट दात्यांची. या नव्या गेमची जाहिरात आली, दोन मिनिटांची. धुकं, पडकी घरं, बर्फ, कुणीतरी धावतंय, गोळ्या सुटतायत. मध्येच चार सेकंद, फक्त चार, एक मनोरा दिसतो आणि त्यातलं मोठं घड्याळ आतून. आणि हे ओरडले, "अगंऽऽ! इकडे ये! लवकर!" मला वाटलं गॅसनं पेट घेतला. धावत गेले, तर चित्र थांबवून ठेवलेलं. म्हणे, "या चाकाचे दाते मोज." हात कणकेचे माझे! बोट लावून मोजले. तीस. "तीसच पाहिजेत, तरच काटा मिनिटाला एक फेरी घेतो!" अहो, डोळ्यांत पाणी! "सिनेमावाले काढत नाहीत, जाहिरातवाले काढत नाहीत, सगळे वाटेल तशी चाकं फिरवतात. आणि हा माणूस, जिथून खेळणारा जीव मुठीत धरून पळत जाणार, कुणी मान वर करून बघणारसुद्धा नाही, तिथल्या घड्याळाचे दाते मोजून काढतो! मला त्या मनोऱ्यात जाऊन उभं राहायचंय. कुणी गोळी घातली तरी चालेल."

आता माणसाच्या आयुष्यात इच्छा असाव्यात. पण माझ्या नवऱ्याची कधी युरोपला जायची नव्हती, कधी मला घेऊन डोंगरावर जायची नव्हती. होती ती ही एवढी एकच.

आणि मग तो सेकंदकाटा आला.

झालं काय, एक बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आल्या. ह्यांनी उघडलं, बघितलं, सेकंदकाटा मध्ये वाकलेला. चिमट्यानं सरळ केला, दिलं. दुसऱ्या दिवशी बाई परत. "अहो, काटा वाकडा केलात की!" ह्यांनी भिंग लावलं, म्हणाले, "बाई, सरळ आहे." त्या म्हणाल्या, "वाकडा आहे." हे म्हणाले, "मी एकतीस वर्षं घड्याळं बघतोय." ती बाई गरीब, तिनं शेजारच्या चष्म्याच्या दुकानवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, वाकडा. मग मी डबा घेऊन गेले होते, मला दाखवला. आणि मी... मी बघितलं, वाकडा होता. चांगला सरळ काटा माझ्या नवऱ्यानं वाकवला होता. कारण वाकडा काटा नव्हता. वाकडं बघणं होतं.

साखर. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर जाळी धरली, आणि ती जाळी पडदा ओढतेय, असं आपले हे डॉक्टर म्हणाले. तुम्हाला माहितीच आहेत, वाक्य पुरं करत नाहीत. "ऑपरेशन करावं लागेल." म्हटलं, "दिसेल ना?" "जाळी निघाली, पडदा नीट बसला, तर उत्तम. नाही बसला तर मग..." मग काय हो? वर बघून पंखा बघतात! शेवटी बोलले, निम्मे-निम्मे. शंभरातले पन्नास.

आणि डोळा एकच. आपलं एक नाणं, एकदाच उडवायचं.

हे शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. गेम येऊ दे. तो बघतो, मग करू."

डॉक्टर म्हणाले, "कोण येऊ दे?"

"गेम."

"मुलगी आहे का तुमची?"

अहो, वीस मिनिटं! वीस मिनिटं त्या डॉक्टरांना तीस दाते समजावून सांगितले! बाहेर तुमच्यासारखे पंधरा पेशंट थेंब सुकवत बसलेले!

तिथून सुरू झालं बघा. आधी गेम, मग डोळा. गेमची तारीख दोन तारखेची, तर ऑपरेशन वीसला. दाढीवाला आला, छातीवर हात, 'धुकं मनासारखं जमलं नाही, एक महिना द्या.' की ऑपरेशन एक महिना पुढे. पुन्हा आला, 'बर्फात बुटांचा आवाज खरा वाटत नाही.' घ्या! गोळ्या सुटत असताना बुटांचा आवाज कोण ऐकतंय? पण ह्यांचं, "चांगल्या कामाला वेळ लागतो." की ऑपरेशन आणखी तीन आठवडे पुढे. मी इथे फोन करायची तेव्हा ही सिस्टर आवाज ओळखायला लागली. "काय काकू, ढकलायची ना?" काकू म्हणते मला! माझ्याएवढीच असेल.

तुम्ही म्हणाल, बाई, तू काय करत होतीस? तेच सांगते. चौथ्यांदा तारीख पुढे गेली ना, तेव्हा हे "अरेरे" म्हणाले, पण त्यांचे खांदे खाली आले. असे. सैल. जसं शाळेत मास्तर आजारी पडल्याचं कळलं की पोरांचे येतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की गेमबिम निमित्त आहे. माणूस घाबरलाय. गेम येईपर्यंत नाणं हवेत आहे. आणि मी? मी मोठी शहाणी! मी स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्या पाच बिस्किटं खाल्ली, इतकं मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दाढीवाल्याला मी तोंडानं शिव्या देत होते आणि मनातून त्याची आरती करत होते. ढकल रे बाबा, अजून एक महिना ढकल.

पण डोळा कुठे ढकलला जातो? आधी घड्याळांचे आकडे गेले. मग पेपर. मग दुकान बंद ठेवलं, म्हणाले, "चार दिवस जरा आराम करतो," त्याला आता पाच महिने झाले. मग फोनवरचं, त्या दाढीवाल्याच्या परदेशी बोलण्याखालच्या ओळीसुद्धा, मी वाचून दाखवायला लागले. एकदा जिना उतरताना माझा हात धरला आणि म्हणाले, "तुला आधार व्हावा म्हणून हं." मी म्हटलं, "हो, मला हल्ली फार आधार लागतो."

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. पहिल्यांदाच वाक्य पुरं केलं माणसानं. "सोमवारी ऑपरेशनला आणा, नंतर आणलंत तर मला करण्यासारखं काही उरणार नाही."

घरी आले, फोन उघडला, तर दाढीवाला! छातीवर हातबित काही नाही, हसतोय! या शुक्रवारी येतोय म्हणे गेम. नक्की. सगळं तयार. सोमवारनंतरचा शुक्रवार! चार दिवसांचा फरक. आणि हे समोर खुर्चीत बसलेले, विचारतायत, "काय म्हणतो गं?"

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? खरं सांगितलं असतं, तर म्हणाले असते, चारच दिवस. आणि मला माझा माणूस माहीत आहे! जो एका चाकासमोर अर्धा तास उभा राहतो, त्याचे चार दिवस या जन्मात संपत नाहीत. आणि बघणार काय होते? त्यांना टीव्ही चालू आहे की बंद एवढंच कळत होतं.

मी घसा खाकरला. दाढीवाल्याचा आवाज काढला. "आम्ही दिलगीर आहोत," मी म्हटलं, "पण... घंटेचा आवाज मनासारखा जमला नाही. गेम आता एक वर्षानं येईल."

सहा तारखा त्यानं ढकलल्या. सातवी मी.

एक वर्ष का? विचार करून म्हटलं होतं हो! महिना म्हटलं असतं तर महिनाभर बसले असते. ह्यांनी खुर्चीच्या हातावर बोटानं टिकटिक केली. मग म्हणाले, "घंटेचा आवाज... बरोबर आहे. चांगल्या कामाला वेळ लागतो." आणि मग हळूच, "वर्षभर हा डोळा काही थांबत नाही. म्हणजे मनोरा बघायचा तर ऑपरेशन करूनच बघावा लागणार." मी म्हटलं, "असं दिसतंय खरं." तेव्हा म्हणाले, "मग सोमवारी उरकून टाकू." उरकून! जसे काही केस कापायचे आहेत!

झालं ऑपरेशन. डोळ्यात वायूचा फुगा भरून दिला, आणि म्हणाले, दहा दिवस पालथं झोपायचं. जेवण पालथं, बोलणं पालथं. नवरा जमिनीशी बोलतोय आणि मी जमिनीवर आडवी होऊन उत्तरं देतेय. फुग्यातून काही दिसत नाही, नुसता पाण्यात बुडाल्यासारखा उजेड. फुगा विरला की कळेल, म्हणाले.

आणि तो शुक्रवार उजाडला. आमच्या वरच्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण राहते. अतिशय सोज्वळ बाई. दुपारी दवाखाना बंद करून घरी येते आणि तिनं तो गेम लावला! भिंती हादरल्या. गोळ्या, बूट, बर्फ. आणि मग... टण्ण. टण्ण.

हे पालथे. हलले नाहीत. म्हणाले, "हे काय गं?"

मी म्हटलं, "वरची पाण्याची टाकी असेल."

बारा टोले पडले. बाराही मोजले असणार त्यांनी, कारण तेराव्याची वाट बघितली. मग उशीतून म्हणाले, "छान वाजते टाकी."

एवढंच. पुढे एक शब्द नाही! मी वर गेले, तिच्या हातापाया पडले, हेडफोन लावायला लावले. पण तेव्हापासून मला कळत नाहीये, ह्यांना कळलंय की नाही. कळलं असेल तर बोलत का नाहीत? भांडा की! पंचवीस वर्षं मीठ कमी पडलं म्हणून भांडलात, आता एवढं हक्काचं कारण आहे तर गप्प!

आज तिसरा आठवडा. फुगा विरलाय, म्हणाले डॉक्टर. आज तक्ता वाचायला लावणार. आत गेलेत वीस मिनिटांपूर्वी, मला म्हणाले, "तू बाहेर बस." म्हणून बसलेय, म्हणून बडबडतेय, नाहीतर मी अशी बोलकी नाही हो... हसताय काय!

अं? काय म्हणतेस सिस्टर? "काकू, तुमचे पेशंट डोळाच उघडत नाहीयेत. म्हणतात, आधी बायकोला बोलवा, तिला एक तारीख विचारायची आहे."

...बघितलंत?

आले गं, आले. चप्पल कुठे माझी... अहो, पाय घ्या जरा. हे बघा, डोळा उघडला आणि दिसलं, तर समोर पहिली दिसणार ती खोटारडी बायको, आणि तोंडावर दिसेल सगळं, मला लपवता येत नाही. आणि नाही दिसलं, तर मी काहीही सांगितलं तरी खपेल. गेम कधी आलाच नाही म्हटलं तरी खपेल, जन्मभर. एकदम सुरक्षित मी!

आणि तुम्हाला सांगते, तीन आठवडे ही चोरटी बाई हात जोडून एकच मागतेय, पकडू दे रे देवा, आज मला रंगेहाथ पकडू दे!