पहिल्यांदाच येतोय

बेटावरच्या छोट्याशा देखण्या रिसॉर्टमधला मुक्काम संपवून शिक्षिका धक्क्यावर बोटीच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे पन्नाशीचं एक जोडपं होतं. बाईंच्या हातात फक्त स्वतःची बॅग होती.

"अगं, कालच तर आलो आपण. लोक बघतायत."

"बघू देत. खोलीतल्या दिव्याचं बटण मला सापडेना, सगळी भिंत चाचपली मी. आणि तुम्ही सरळ जाऊन दाबलंत."

"अंदाजानं."

"लाकडी पट्टीमागे लपवलेलं बटण? पहिल्यांदाच येतोय म्हणाला होतात ना? कोण होती ती?"

"कुणी नव्हतं."

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका."

"एकटाच आलो होतो. चिमी गेली त्या वर्षी. ऑफिसचं काम आहे म्हणून सांगितलं होतं तुला."

शिक्षिकेने नजर पाण्याकडे वळवली. बोट धक्क्याला लागत होती.

"एकटे येऊन काय केलंत इथे?"

"रडलो. घरी तू अन्नपाणी सोडलं होतंस. मीही कोसळलो असतो, तर कुणी कुणाला सावरायचं?"

"पोटची लेक गेली आणि या माणसाच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं म्हणत इतकी वर्षं काढली मी. दगडाशी संसार केला!"

"तेच सांगायला आणलं तुला. कालपासून जीभ रेटेना."

"चला, चला, बोट सुटतेय!" नावाडी ओरडला.

बाई रांगेतून बाजूला झाल्या. "ताई, तुम्ही व्हा पुढे," त्या शिक्षिकेला म्हणाल्या.

बोटीत पाय ठेवताना शिक्षिकेला मागून ऐकू आलं, "बसा इथे. पहिल्यापासून सांगा. आणि डोळे पुसायची घाई करू नका."