तिठ्यावरचा नारळ

भुताखेतांना हसणाऱ्यांनी आधी चहा घ्या आणि माझं ऐका. माझी धाकटी बहीण बाळंतपणात अडली होती. गावातल्या एकुलत्या भाड्याच्या मोटारीतून तिला मालवणच्या इस्पितळात नेत होतो. तिन्हीसांजेला तिठ्यावर चाकाखाली काहीतरी फुटलं, गाडीच्या पोटाला दाणकन लागलं आणि खाली टपटप गळायला लागलं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भिकू, उतरून बघ. टाकी फुटली आसात तर ही हयच मरतली."

भिकू जागचा हलेना. "उताऱ्याचो नारळ होतो तो, बाये. कुंकू लावलेलो. देवचाराचो. मी खाली पाय ठेवूचंय नाय."

तेवढ्यात मागे बहीण कण्हायची थांबली. त्या शांततेला मी देवचारापेक्षा जास्त भ्याले. लुगडं खोचलं आणि गाडीखाली सरपटत गेले. पेट्रोल असेल तर भडका उडायचा, म्हणून कंदील लांबच ठेवला. काळोखातून कुणी पाय ओढील या धास्तीने पाय पोटाशी घेतले. थेंब बोटावर घेतला. खाली सगळाच तेलाचा वास, काही कळेना. म्हणून चाटला. गोड लागला.

"टाकी शाबूत आसा रे. नारळाचा पाणी गळता."

"चाखलंस तू?" भिकू रडायच्या बेताला आला. "आता तो तुका जाब इचारतलो."

"माका इचारूंदे. तू गाडी हाण."

बहीण आणि तिची लेक, दोघी वाचल्या. त्या भाचीला आता नातवंडं आहेत. देवचार अजून विचारायला आलेला नाही. तरी बस त्या तिठ्यावर आली की मी पाय वर घेऊन बसते.