धोतरात गुंडाळलेली बंदूक

आमच्या राज्यात ज्या दसऱ्याला नवे जिल्हे झाले, त्यानंतरची गोष्ट. इचोड्याच्या बसस्टँडवर माझ्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर धोतरात गुंडाळलेली बंदूक होती. मी मुलीला घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

“काऊन सरकली माय? भरलेली नाही ते. रानडुकरं हाकलाची हाय.”

“अजी, लेकरू हाय तिच्यापाशी. भेवणारच ना.”

“आता आमचं गाव नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं. लायसन तिकडं बदलून घ्या म्हणते. मी तर ठाण्यात जमाच करून येतो.”

“सून म्हणते, बंदूक घरात हाय तवर नातवाले आणत नाही. मीबी दसऱ्याला हळदकुंकू लावलं, तेवढाच हात लावला तिले. नळी तिकडं करा बरं.”

“रिकामी हाय ना, बयना!”

“रिकामी असो का भरली. लेकरापुढं नोको.”

म्हाताऱ्याने नळी भिंतीकडे वळवली. तेवढ्यात माझी मुलगी पाणी मागू लागली आणि आमची बाटली संपली होती. बयनाबाईंनी पिशवीतून शीतपेयाची जुनी बाटली काढून तिच्या हातात दिली.

“घे बाई, पी.”

“अवं, ते नोको देऊ! लाल झाकणाची दे. हिरव्या झाकणाच्यात कपाशीवर फवाराचं औषध हाय, तुह्या भावाकडून अर्धं आणलेलं.”

मी बाटली मुलीच्या हातातून ओढून घेतली.

“हाव का? सारख्याच दिसते दोनी. घरीबी माझं असंच होते.”